अवनी टेंभेकरने न केलेले गोल

जबलपूरच्या मराठी समाजात अवनी टेंभेकरविषयी जी माहिती प्रचलित आहे, तिच्यातली बरीचशी चुकीची आहे. ती कांचघर मोहल्ल्यातली आहे हे बरोबर. ती फुटबॉल खेळते हेही आता सर्वमान्य झालं आहे. काही वर्षांपूर्वी नव्हतं, तेव्हा ती 'कुठेतरी खेळायला जाते' एवढंच मान्य होतं. पण ती गोल करते, हे तेव्हाही खरं नव्हतं आणि आजही फारसं खरं नाही. मी एका दैनिकाच्या जबलपूर आवृत्तीत काम करतो आणि टेंभेकरांच्या समोरच्या घरात राहतो. या दोन्ही कारणांनी लोक मला तिच्या गोलांबद्दल विचारतात. खरं सांगितलं की माझ्या पेशाविषयीच शंका घेतात.

अवनी मिडफिल्डर आहे. मैदानाच्या मधोमध खेळते. ही जागा तिला कशी मिळाली हे सांगण्यासारखं आहे. रेल्वेच्या मैदानावर फ्रान्सिस सर मुलांना फुटबॉल शिकवायचे. एके वर्षी जिल्हा स्पर्धेत मुलींचा संघही उतरवावा लागेल असं ठरलं, तेव्हा सरांनी भावांना सोडायला येणाऱ्या बहिणी गोळा केल्या. अवनी भावाची पाण्याची बाटली घेऊन यायची. भावाने पुढे फुटबॉल सोडून तबला धरला आणि नंतर तबलाही सोडला. बाटली घेऊन ही मात्र येतच राहिली. संघात पुढच्या जागा सिविल लाइंसच्या मुलींना मिळाल्या, कारण त्यांच्याकडे बूट होते. एक मुलगी उंच होती, ती गोलपाशी उभी राहिली. दोन मुली धिप्पाड होत्या, त्या मागे गेल्या. उरलेल्या जागेला मिडफिल्ड म्हणतात.

फ्रान्सिस सर रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज मालगाडीच्या वर ऐकू यायचा आणि त्यांच्याजवळ डावपेच एकच होता: "बेटा, आगे!" हा सल्ला ते सगळ्यांना देत. गोलकीपरलाही देत. एकदा तिने तो मानला आणि संघ हरला, तरी सरांचा सल्ल्यावरचा विश्वास उडाला नाही.

अवनीने तो कधीच मानला नाही. तिच्याकडे चेंडू आला की ती क्षणभर थांबायची, मग दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. ज्या मुलीला द्यायची तिलाही बहुतेक वेळा आश्चर्य वाटायचं. सर ओरडायचे, "खुद क्यों नहीं मारा?" ती म्हणायची, "वो अकेली खड़ी थी, सर." घरी आईने विचारलं तर तेच मराठीत, जेवढी तिला येते तेवढ्या मराठीत: "ती मोकळी होती नं." अवनीला मराठी सगळी समजते. बोलताना मात्र ती वाक्य मराठीत सुरू करते आणि मध्येच कुठेतरी हिंदीला देऊन टाकते.

तिची एक सवय मोहल्ल्यात प्रसिद्ध होती. ती सतत मागे बघायची. मधल्या खेळाडूच्या सगळ्या बाजूंना माणसं असतात, त्यामुळे चेंडू येण्याआधी पाठीमागे कोण आहे हे माहीत असावं लागतं. मैदानावर ही गोष्ट कौतुकाची असते. अवनी ती मैदानाबाहेरही करायची: डोशाच्या गाडीसमोर, सत्यनारायणाच्या पूजेला, शाळेच्या प्रार्थनेत. नागपूरला मावसबहिणीच्या लग्नात ती इतक्यांदा मागे वळली की नवरीच्या आत्यांची खात्री पटली, मुलगा शेवटच्या रांगेत बसला आहे. आत्या आणि आणखी एक बाई मुद्दाम तिथे जाऊन बसल्या. त्यांना एक बंद पडलेला कूलर आणि झोपलेले एक आजोबा सापडले. तरी आत्यांनी अवनीच्या आईला विचारलंच.

"काहून गं, पोरगी सारखी मागे काय बघून राहिली? काही आहे का?"

"काही नाही. फुटबॉल खेळते."

"अच्छा," आत्या म्हणाल्या. त्यांच्या मते हे उत्तर मुलगा असण्यापेक्षा वाईट होतं.

तिचे वडील कारखान्यात तपासणी विभागात आहेत. इतरांनी बनवलेल्या वस्तू नाकारणं हे त्यांचं काम. ते काम ते घरीही आणतात. भाजी, पाहुणे, पंख्याचा नवा रेग्युलेटर, सगळ्यांची तपासणी होते आणि बहुतेकांत दोष निघतो. मुलीचा सामना बघायला ते एकदाच गेले. परत आल्यावर गेटमध्ये उभं राहून त्यांनी मला अहवाल दिला.

"बाकीच्या पळून राहिल्या होत्या. आपली चालून राहिली होती."

"ती मधे असते नं," मी म्हटलं.

"मधे असो की कुठे. चालायचं असेल तर सकाळी आईसोबत जावं."

तिच्या खेळाचं खरं प्रात्यक्षिक समाजाने पाहिलं, पण ते फुटबॉलचं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत असते. वाढपी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने वाढतात: सगळे एका टोकाने सुरू होतात, एकमेकांच्या पाठीवर आदळतात, आणि शेवटच्या माणसाच्या पानात मीठ पडेपर्यंत पहिल्याचा भात संपलेला असतो. त्या वर्षी अवनीला कोशिंबीर दिली होती. एक फेरी तिने नियमाप्रमाणे मारली. दुसऱ्या फेरीत ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि बोटाने दाखवायला लागली. "काका, वरण उधरून आणा. दीदी, तुम्ही जिलबी घेऊन तिकडे, तिकडे कोणी नाही आहे." कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे गृहस्थ मठ्ठ्याचं भांडं घेऊन निमूटपणे तिने दाखवलेल्या बाजूला गेले. कोशिंबिरीचं भांडं तिने कधी आणि कुणाला दिलं ते कळलं नाही. पंगत नेहमीच्या निम्म्या वेळात उठली.

यामुळे एकच माणूस नाराज झाला. मंडळाचे सचिव दाणी काका. बँकेतून निवृत्त, भाषणात प्रवृत्त. पंगत चालू असताना लोकांना उठता येत नाही, हे ओळखून ते त्या वेळी वार्षिक भाषण करत. त्या वर्षी त्यांचं भाषण प्रस्तावनेत असतानाच श्रोते हात धुवायला गेले. "इतकी काय घाई होती?" ते अवनीच्या आईला म्हणाले. "आपण काय ढाब्यावर बसलो आहोत का?"

पण दाणी काका आकस ठेवणारे नाहीत. अवनीची राज्याच्या युवा संघात निवड झाली तेव्हा तिचा सत्कार करायचा हे त्यांनीच ठरवलं. मंडळाला सत्काराची फार आवड आहे. दहावी, बारावी, निवृत्ती, परदेशगमन आणि परदेशातून परत येणं, या सगळ्यांचा आम्ही सत्कार करतो. शाल आणि नारळ कायम तयार असतात. माणूस मिळायची खोटी. काका माहिती घ्यायला टेंभेकरांकडे आले, तेव्हा त्यांनी मलाही बोलावून घेतलं. पत्रकार असला की माहिती नीट घेतली जाते, असा त्यांचा समज होता.

"हं, सांग बेटा. किती गोल?"

"नाही मारले, काका."

"म्हणजे या वर्षी नाही. एकूण किती?"

"एकूणच नाही. एक मारला होता, तो रेफरीने कॅन्सल केला."

"अरे बाप्पा." काकांनी चहा खाली ठेवला. "मग सत्कार कशाचा करायचा?"

"मी दुसऱ्यांना देते, मग त्या मारतात."

"हे स्टेजवरून कसं सांगू? लोक म्हणतील, मग त्या दुसऱ्यांचा करा."

वडील म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." तपासणीत दुसऱ्याचं काही बरोबर निघण्याची ती दुर्मिळ वेळ होती.

सत्कार झाला. दाणी काकांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की या चिमुकल्या पायांनी गोलांचा पाऊस पाडला आहे, आणि बचाव करणाऱ्या मुली हिचं नाव ऐकून रजा टाकतात. शेवटी त्यांनी तिला 'महाकोशलची गोल मशीन' ही पदवी बहाल केली. टाळ्या झाल्या. अवनीने शाल सांभाळत एकदा मागे बघितलं. पाठीमागे फक्त प्रायोजक साडीवाल्याचा फलक होता. खाली उतरल्यावर ती काकांना म्हणाली, "काका, ये तो झूठ है." काका म्हणाले, "झूठ नाही. समाजाला समजेल असं सांगावं लागते, बेटा." माझ्या पेशात हे वाक्य मी जास्त पगार घेणाऱ्या लोकांकडूनही ऐकलं आहे.

भाषणाचं चित्रीकरण झालं होतं. काकांची सगळीच भाषणं चित्रित होतात आणि सगळ्याच नातेवाइकांना पाठवली जातात. सहसा ती कुणी उघडत नाही. काकांचा एक भाचा दक्षिणेतल्या एका व्यावसायिक क्लबच्या प्रसिद्धी विभागात होता. त्या हंगामात क्लबच्या महिला संघातली पुढची खेळाडू गुडघा दुखावून घरी गेली होती आणि क्लब गोल करणारी मुलगी शोधत होता. भाच्याने मामांचं भाषण आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. थोड्याच दिवसांत अवनीला ट्रायलचं बोलावणं आलं. फॉरवर्ड म्हणून.

त्या वेळची टेंभेकरांच्या घरातली परिस्थिती सांगायला हवी. सिविल लाइंसच्या मुलींनी बूट केव्हाच काढून ठेवले होते. उंच मुलीचं लग्न झालं होतं. शहरात अवनीच्या वयाच्या मुलींसाठी संघ उरला नव्हता. ती पोरांच्या संघात, पोरं परवानगी देतील तेव्हा खेळायची. घरात करार झाला होता: त्या वर्षात कुठे निवड झाली तर ठीक, नाही तर खेळ बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास. क्लास आईने बघूनही ठेवला होता. तेव्हा हे बोलावणं आलं नसतं, तर अवनी आज कुठल्या तरी काउंटरमागे असती आणि सारखी मागे बघते म्हणून शाखा व्यवस्थापकाला संशय आला असता.

तरी वडिलांनी नकार दिला. "माल एक सांगायचा अन् दुसरा पाठवायचा, हे आमच्याकडे चालत नाही."

फ्रान्सिस सर मुद्दाम घरी आले. "टेंभेकर जी, जाने दीजिए. लड़की आगे खेल लेगी. मैं तो दस साल से यही बोल रहा हूँ."

"अन् ती दहा वर्षांत एकदा तरी गेली का पुढे?"

सर चहा प्यायले. दाणी काकांना बोलावलं नव्हतं, तरी ते आले आणि म्हणाले की एकदा आत शिरल्यावर कोण बघतं. आई म्हणाली, क्लासची बॅच तशीही पुढच्या महिन्यात आहे. शेवटी अवनी म्हणाली, "बाबा, मी जाऊन पहिले सांगून देते. मग ते ठेवो की हाकलो." वडिलांनी विचार केला. सोबत दोषाची चिठ्ठी लावून पाठवलेला माल नियमात बसत असावा. ते म्हणाले, "जा मग."

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. अवनी सामन्याचं वर्णन पत्ता सांगितल्यासारखं करते: इथून डावीकडे, मग ती होती, मग सरळ. तिच्या पत्त्यांवरून मी जे जुळवलं ते असं.

तिने पहिल्याच दिवशी क्लबच्या प्रशिक्षक मॅडमना गाठून सांगितलं की मी गोल करत नाही. मॅडमना ही नम्रता वाटली. त्या खूश झाल्या. आजकालच्या मुली फार बढाया मारतात, असं त्या म्हणाल्या, आणि हिला सर्वांत पुढे उभं केलं. म्हणजे जबलपुरात खोटं पटलं आणि तिकडे खरं पटलं नाही.

ट्रायलच्या पहिल्या सामन्यात गोल मशीन पुन्हापुन्हा मैदानाच्या मध्याकडे घरंगळत आली. मॅडम तिला ओरडून पुढे पाठवायच्या, थोड्या वेळाने ती परत मधे. एकदा ती गोलसमोर एकटी सापडली. फक्त मारायचं होतं. तिने चेंडू बाजूला दिला, आणि ज्या मुलीला दिला ती बुटाची नाडी बांधत होती. मॅडमनी तिला बाहेर बोलावलं. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर दाणी काकांचं भाषण चालू होतं.

"ये वीडियो फेक है क्या?"

"वीडियो सही है, मैडम. अंकल झूठ बोले."

मॅडमनी फोन बंद केला आणि तिला बाकावर बसवलं. तिथून क्लासची बॅच स्पष्ट दिसत होती. उरलेला दिवस ती बसून होती, दुसऱ्या दिवशीही. परतीचं तिकीट निघालं होतं. शेवटच्या सामन्यात मध्यंतराला एक बाजू वाईट हरत होती. अवनी उठली आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. तिला हरणाऱ्या बाजूकडून खेळायचं होतं. मधे. मॅडम म्हणाल्या, मधल्या मुली आमच्याकडे भरपूर आहेत. ही म्हणाली, "हाँ, मगर वो सब बॉल के पीछे जा रही हैं. बीच में कोई है ही नहीं."

निवडीला आलेल्या मुलीने प्रशिक्षकाला असं सांगायचं नसतं. मॅडमनी तिला उतरवलं, ते ऐकून पटलं म्हणून की एकदाची हौस फिटावी म्हणून, ते अवनीला माहीत नाही. उरलेल्या खेळात ती, तिच्याच शब्दांत, "थोडं इकडून तिकडे करत राहिली." हरणारी बाजू जिंकली नाही, बरोबरीवर आली. गोल केले ते दुसऱ्या दोघींनी. सामना संपल्यावर त्या दोन मुलींचं कौतुक झालं आणि मॅडमनी अवनीला परतीचं तिकीट रद्द करायला सांगितलं. एका हंगामाचा करार झाला.

इकडे मंडळात याचं श्रेय दाणी काकांनी घेतलं. "मी बोललो नसतो तर गेली असती का?" ते प्रत्येकाला विचारत. याला उत्तर नाही, आणि ते नाही हे त्यांना माहीत होतं.

तिचा लीगमधला पहिला सामना मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवला. समाज मोठ्या संख्येने आला, कारण नंतर साबुदाणा वडा होता. लोक पहिल्यापासून विचारत होते, "आपली कोणती?" कॅमेरा चेंडूमागे जातो आणि अवनी चेंडू जवळ ठेवत नाही, त्यामुळे ती दिसेपर्यंत गेलेली असायची. एकदा गोल झाला. हॉल उभा राहिला, शिट्ट्या झाल्या. गोल भलत्याच मुलीने केला होता. दाणी काका म्हणाले, "चलो, आपलाच समजा." तो चेंडू त्या मुलीकडे कुठून आला, हे पडद्यावर पुन्हा दाखवलं तेव्हा लोक वड्याच्या रांगेत लागले होते. मी आणि तिचे वडील दाराशी उभे होतो. त्यांनी ते नीट बघितलं, चष्मा काढला, पुसला.

"बाकीच्या उगीच पळून राहिल्या," ते म्हणाले.

मी तिला शेवटचं पाहिलं ते यंदाच्या थंडीत. लीगमध्ये सुट्टी होती म्हणून ती घरी आली होती, आणि जबलपूरजवळच्या पनागरच्या एका हौशी स्पर्धेने तिला उद्घाटनाला बोलावलं. दाणी काका, मी आणि ती, असे आम्ही काकांच्या गाडीतून गेलो. वाटेत काका भाषणाची उजळणी करत होते. ती खिडकीतून शेतं बघत होती. मधेच म्हणाली, "मॅडमचा फोन आला होता. पुढच्या वर्षी पण ठेवून राहिले."

"वा," काका म्हणाले. "आता तरी पुढे खेळवतील नं?"

"नाही. मधेच."

काका हळहळले. गाडीतल्या डब्यातली अर्धी गजक, म्हणजे आमच्याकडची तिळगुळाची वडी, तिने त्यानंतर एकटीने संपवली.

पनागरच्या मैदानाला एका बाजूने मटाराचं शेत आहे. मधे काट्यांचं कुंपण. कार्यक्रम असा ठरला होता की प्रमुख पाहुणीने पहिला गोल मारून स्पर्धेचं उद्घाटन करायचं. मान म्हणून गोलकीपरला बाजूला केलं होतं. रिकामा गोल, समोर चेंडू, दोन्ही बाजूंना गाव. माइकवाला जोरात होता: "जबलपुर की शान, गोल मशीन, अवनी दीदी!" शेजारी शाल घेऊन दाणी काका, हार घेऊन सरपंच.

या मुलीला मी अर्ध्या मैदानावरून धावत्या खेळाडूच्या पायात चेंडू टाकताना पाहिलं आहे. ती चार पावलं मागे गेली, आली, आणि चेंडू खांबाच्या बराच बाहेरून, कुंपणावरून मटारात गेला.

मग माइकवाल्याने स्वतःला सावरलं आणि जाहीर केलं, "गोल!" ढोल वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी हार वर उचलला. जिच्या गळ्यात घालायचा ती जागेवर नव्हती. तिने कुंपणाची फट शोधली होती आणि स्वेटर काट्यांपासून सोडवत पलीकडे उतरली होती. "बेटा, राहू दे, पोरं आणतील," काका ओरडले. ती रोपं तुडवणार नाही अशा बेताने सरीतून वाकून चेंडू शोधत होती, आणि मधूनच एखादी शेंग तोडून खात होती.